शॉक द्यायचा की थांबायचे?

४ फेब्रुवारी १९८० रोजी अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात, जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात, एका स्त्रीच्या शरीरात एक यंत्र बसवण्यात आले. तिच्या हृदयाची लय अधूनमधून जीवघेणी बिघडत असे. हे यंत्र रात्रंदिवस तिच्या हृदयातली वीज मोजणार होते आणि लय बिघडल्याचे दिसताच, कोणालाही न विचारता, हृदयाला शॉक देणार होते. ईसीजीचा कागद वाचायला शेजारी डॉक्टर नाही, नर्स नाही. निर्णय शरीराच्या आत बसलेल्या इलेक्ट्रॉनिक सर्किटचा.

या यंत्रामागे मिशेल मिरोव्स्की हे डॉक्टर होते. १९२४ साली वॉर्सात जन्मलेले मिरोव्स्की पुढे इस्राएलमध्ये काम करू लागले. तिथले त्यांचे वरिष्ठ डॉ. हॅरी हेलर यांच्या हृदयाचे ठोके अचानक, पुन्हा पुन्हा बेफाम वेगाने पडू लागले आणि १९६६ साली त्यातच त्यांचा मृत्यू झाला. अशा माणसाला वाचवायचे तर शॉक देणारे यंत्र हाताशी हवे. ते तर रुग्णालयात असते, आणि उरलेले आयुष्य कोणी रुग्णालयात काढू शकत नाही. मग यंत्रच रुग्णाच्या शरीरात का बसवू नये? ही कल्पना घेऊन मिरोव्स्की अमेरिकेत आले आणि मॉर्टन मॉवर यांच्याबरोबर दशकभर झटले. कल्पनेवर टीका करणाऱ्यांत बर्नार्ड लाऊन यांच्यासारखे त्या काळचे नामवंत हृदयरोगतज्ज्ञही होते.

बॅटरी आणि आकार हे प्रश्न अवघड होतेच, पण त्याहून अवघड प्रश्न धोक्याची लय ओळखण्याचा होता. लय बिघडली असताना यंत्र गप्प राहिले तर रुग्ण जातो. लय ठीक असताना त्याने शॉक दिला, तर शुद्धीवर असलेल्या माणसाच्या छातीत विजेचा जबर तडाखा बसतो, आणि असा शॉक चुकीच्या क्षणी बसला तर त्यातूनच जीवघेणी लय सुरू होऊ शकते. या दोन चुका सारख्या नाहीत, आणि एक कमी करायला जावे तर दुसरी वाढते. म्हणूनच धोक्याची लय ओळखणारा संगणक कितपत चांगला, हे ‘किती टक्के बरोबर’ एवढ्या एका आकड्यावरून कळत नाही. तो कुठे बसवला आहे आणि तिथे कोणती चूक परवडणार नाही, हे आधी ठरवावे लागते. गेल्या अर्धशतकातले या विषयातले सगळे चांगले काम या एका प्रश्नाभोवती झाले आहे.

कोणती लय धोक्याची?

हृदयविकाराचा झटका आणि हृदय अचानक बंद पडणे या दोन गोष्टींची आपल्या बोलण्यात गल्लत होते. झटक्यात हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणारी धमनी तुंबते. हृदय बंद पडते तेव्हा बहुतेकदा बिघाड विजेचा असतो. पहिल्यातून दुसरे उद्भवू शकते, पण झटका आलेला माणूस सहसा बोलत असतो, आणि हृदय बंद पडलेला माणूस काही सेकंदांत कोसळतो.

निरोगी हृदयात उजव्या वरच्या कप्प्यातल्या सायनस नोडमधून विजेची लहर निघते, ठरलेल्या वाटेने खालच्या कप्प्यांत उतरते आणि स्नायू एकदिलाने आकुंचन पावतो. विश्रांतीच्या वेळी हे मिनिटाला ६० ते १०० वेळा घडते. छातीवर आणि हातापायांवर लावलेल्या इलेक्ट्रोडना या विजेचा जेमतेम एक मिलिव्होल्टच्या आसपासचा माग लागतो. नेदरलँड्समधल्या लायडनच्या विलेम आइंटहोव्हन यांनी या आलेखातल्या लाटांना पी, क्यू, आर, एस, टी ही नावे दिली आणि ती नोंदणारे संवेदनशील यंत्र बनवले. त्यासाठी त्यांना १९२४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यातली उंच, अरुंद, टोकदार क्यूआरएस लाट म्हणजे खालच्या कप्प्यांचा ठोका.

व्हेंट्रिक्युलर टॅकिकार्डियात, म्हणजे डॉक्टरांच्या बोलण्यातल्या व्हीटीत, ठोके खालच्या कप्प्यांतच जन्मतात. लहर नेहमीची वाट सोडून जाते, म्हणून क्यूआरएस रुंद दिसते. वेग फार वाढला की हृदयाला रक्ताने भरायला वेळच मिळत नाही. व्हेंट्रिक्युलर फिब्रिलेशन, म्हणजे व्हीएफ, याहून भयंकर. त्यात एकत्र आकुंचन थांबते आणि स्नायू नुसता थरथरतो. आलेखावर पी नाही, क्यूआरएस नाही, फक्त वेड्यावाकड्या लाटा उरतात. रक्त पुढे ढकलले जात नाही आणि १०-१५ सेकंदांत शुद्ध हरपते. व्हीएफ थांबवायला शॉक लागतो. छाती दाबण्याची मदतही मिळाली नाही, तर शॉकला उशीर होणाऱ्या दर मिनिटागणिक वाचण्याची शक्यता सुमारे ७ ते १० टक्क्यांनी घटते.

मिरोव्स्कींच्या पहिल्या यंत्राने व्हीएफ कसे ओळखले? त्याने ठोके मोजले नाहीत. त्याने एकच गोष्ट पाहिली: आलेख शून्याच्या रेषेजवळ किती वेळ रेंगाळतो? निरोगी ईसीजीत क्यूआरएस क्षणात येऊन जाते आणि दोन ठोक्यांमधला बराच काळ आलेख सपाट रेषेजवळ असतो. व्हीएफमध्ये तो सतत वरखाली होत राहतो, रेषेला नुसता ओलांडून जातो. रेषेजवळचा वेळ फार घटला की यंत्राने शॉकची तयारी करायची. १९७० च्या दशकात शरीरात बसेल एवढ्या सर्किटला झेपेल अशी ही युक्ती होती. पण रुंद क्यूआरएस असणाऱ्या इतर लयींमध्येही हा वेळ घटतो, त्यामुळे पुढच्या पिढीतल्या यंत्रांनी ठोक्यांमधले अंतर मोजण्यावर भर दिला.

गोंगाटातला ठोका

अंतर मोजायचे तर आधी प्रत्येक ठोका सापडला पाहिजे. डोळ्यांना सोपे वाटणारे हे काम संगणकाला कठीण जाते. श्वासाबरोबर आलेखाची मूळ रेषा वरखाली डुलते. हाताचे स्नायू आखडले की बारीक काटे उमटतात. घरातल्या विजेचा गुणगुणाट आलेखात शिरतो. कधी टी लाट इतकी उंच असते की तीच ठोका वाटते.

१९८५ साली विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या जियापू पान आणि विलिस टॉम्पकिन्स यांनी यावर दिलेला उपाय आजही जगभरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत शिकवला जातो. पहिली पायरी गाळणीची: क्यूआरएसची बरीचशी ऊर्जा सेकंदाला सुमारे ५ ते १५ कंपनांच्या पट्ट्यात असते, म्हणून त्याखालचे श्वासाचे डुलणे आणि त्यावरचा गुणगुणाट बाजूला काढायचा. दुसरी पायरी उताराची: आलेख किती झपाट्याने चढतो-उतरतो ते मोजायचे, कारण क्यूआरएस तीव्र चढाची आणि टी लाट संथ चढाची. तिसऱ्या पायरीत प्रत्येक आकड्याचा वर्ग करायचा. १० आणि २ मधला पाचपटीचा फरक १०० आणि ४ मध्ये पंचवीसपटीचा होतो, आणि ठोका उठून दिसतो. शेवटी १५० मिलिसेकंदांच्या सरकत्या खिडकीतून बेरीज घ्यायची आणि ठरावीक पातळी ओलांडली की ठोका मोजायचा.

ही पातळी स्थिर ठेवली नव्हती, हे त्यातले शहाणपण. गोंगाट वाढला की पातळी वर सरकते, ठोके लहान झाले की खाली येते. एक ठोका सापडल्यावर २०० मिलिसेकंद दुसरा मोजायचा नाही, कारण हृदयाचा स्नायू तेवढ्यात पुन्हा आकुंचन पावूच शकत नाही. उलट अपेक्षित वेळ उलटूनही ठोका आला नाही, तर मागे जाऊन कमी पातळीने पुन्हा शोधायचे. शरीराचे नियम असे गणितात विणल्यामुळे त्या काळच्या साध्या मायक्रोप्रोसेसरवर चालणाऱ्या या पद्धतीने ९९.३ टक्के ठोके बरोबर पकडले.

बोस्टनचे कागद

हा ९९.३ चा आकडा कशाच्या आधारे काढला? इथे या विषयातले सर्वांत कष्टाचे आणि सर्वांत कमी गाजलेले काम येते. १९७५ ते १९७९ या काळात बोस्टनच्या बेथ इस्राएल रुग्णालयात रुग्णांचे चोवीस तासांचे ईसीजी नोंदवले गेले. तिथल्या सुमारे ४,००० नोंदींमधून २३ तुकडे सरसकट निवडले, आणि क्वचित दिसणाऱ्या पण महत्त्वाच्या लयी सुटू नयेत म्हणून आणखी २५ जाणीवपूर्वक घेतले. असे अर्ध्या तासाचे ४८ तुकडे, ४७ माणसांचे. ईसीजीचा कागद सेकंदाला २५ मिलिमीटर सरकतो, म्हणजे अर्ध्या तासाचा कागद ४५ मीटर लांब. दोन हृदयरोगतज्ज्ञांनी एकमेकांचे न पाहता प्रत्येक ठोक्यावर खूण केली: हा सामान्य, हा खालच्या कप्प्यातून आलेला, हा दोन्हींची सरमिसळ. मतभेद चर्चेने मिटवले. एक लाखाहून अधिक खुणा झाल्या.

जॉर्ज मूडी आणि रॉजर मार्क यांनी उभा केलेला हा एमआयटी-बीआयएच संग्रह १९८० मध्ये सर्वांसाठी खुला झाला. त्याआधी प्रत्येक कंपनी आपला प्रोग्राम आपल्याच नोंदींवर तपासून आपणच पाठ थोपटून घेऊ शकत होती. आता सगळ्यांना एकाच कसोटीला उतरावे लागले. आता फिजिओनेट या संकेतस्थळावरून पुण्यातला किंवा पणजीतला विद्यार्थीही तो विनामूल्य उतरवून घेऊ शकतो.

पण या संग्रहाच्या वापरात एक मोठी फसगत दडलेली आहे. एका माणसाचे ठोके एकमेकांसारखे असतात. सगळे ठोके एकत्र मिसळून अर्ध्यांवर प्रोग्राम शिकवला आणि उरलेल्यांवर तपासला, तर वर्गात सोडवून घेतलेले प्रश्नच परीक्षेत विचारल्यासारखे होते. गुण ९९ टक्के पडतात आणि नव्या रुग्णापुढे प्रोग्राम गडबडतो. २००४ साली फिलिप द शाझाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शिकवण्याचे रुग्ण वेगळे आणि तपासणीचे रुग्ण वेगळे अशी शिस्त घालून दिली. आजही कोणी थक्क करणारी टक्केवारी सांगितली, तर पहिला प्रश्न हाच विचारावा: तपासणीतले रुग्ण यंत्राला खरोखर अनोळखी होते का?

आणखी एक सेकंद

ठोका सापडणे ही पहिली पायरी. व्हीएफमध्ये ठोकाच नसतो. तिथे वेगळे प्रश्न विचारावे लागतात: लाटा ठरावीक पातळी किती वेळा ओलांडतात, एकाच कंपनसंख्येच्या आसपास घुटमळतात का, आलेखातली गुंतागुंत किती. आयआयटी मुंबईतून अभियंता होऊन पुढे जॉन्स हॉपकिन्समध्ये संशोधन करणारे नितीश ठाकोर यांनी सहकाऱ्यांसह १९९० साली मांडलेली पद्धत यातली एक. ते दर सेकंदाच्या तुकड्यात, आलेखाने पातळी ओलांडण्याच्या घटनांमध्ये सरासरी किती अंतर आहे ते मोजत. व्हीएफमध्ये ते लहान, व्हीटीत त्याहून मोठे.

त्यांनी यंत्राला तिसरे उत्तर देण्याची मुभा दिली, हे मला सर्वांत मोलाचे वाटते. पुरावा एका बाजूला पुरेसा झुकला तर ‘व्हीएफ’, दुसऱ्या बाजूला झुकला तर ‘व्हीटी’, आणि दोन्हीकडे अपुरा असेल तर ‘आणखी एक सेकंद पाहू’. किती चूक चालेल हे माणसाने आधी ठरवायचे, आणि त्यावरून यंत्राने किती थांबायचे ते ठरते.

संयमाने जीव वाचू शकतात, हे पुढे शरीरात बसवलेल्या यंत्रांनीही दाखवले. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या मॅडिट-रिट या चाचणीत १,५०० रुग्णांची यंत्रे वेगवेगळ्या नियमांवर लावली होती. काहींची लवकर हालचाल करणारी, काहींची ठोके मिनिटाला २०० च्या पुढे गेल्यावरच, तर काहींची बराच वेळ वाट पाहून मगच उपचार करणारी. संयमी नियमांमुळे अनाठायी उपचार फार घटले, आणि २०० ची मर्यादा असलेल्या गटात मृत्यूही कमी झाले. बऱ्याच वेगवान लयी आपोआप थांबतात, त्यांना शॉकची गरज नसते.

विमानतळावर किंवा मॉलमध्ये भिंतीवर टांगलेल्या एईडी या शॉक देणाऱ्या यंत्राला मात्र फार वाट पाहणे परवडत नाही. अमेरिकन हार्ट असोसिएशनने १९९७ साली त्यासाठी कसोटी घालून दिली. मोठ्या लाटांचे व्हीएफ ९० टक्क्यांहून अधिक वेळा ओळखले पाहिजे, आणि निरोगी लयीला ‘शॉक नको’ हे उत्तर ९९ टक्क्यांहून अधिक वेळा मिळाले पाहिजे. दुसरी अट पहिलीपेक्षा कडक आहे, कारण यंत्र वापरणारा बहुधा डॉक्टर नसतो, तो यंत्राच्या शब्दावर विसंबून बटण दाबणार असतो. छाती दाबताना आलेखात मिनिटाला १००-१२० लाटा उमटतात, म्हणून तपासणीच्या वेळी यंत्र सर्वांना दूर व्हायला सांगते. ‘शॉकची गरज नाही’ याचा अर्थ रुग्ण सुखरूप आहे असा मुळीच नाही. यंत्राला वीज दिसते, रक्ताचा प्रवाह दिसत नाही. कधी आलेख ठीकठाक असतो आणि नाडी लागत नाही. रुग्ण हालचाल करत नसेल, नीट श्वास घेत नसेल, तर छाती दाबणे लगेच पुन्हा सुरू करायचे.

खोटे इशारे

अतिदक्षता विभागात हिशेब उलटा असतो. तिथे एकही खरी घटना सुटू नये म्हणून मॉनिटर जरा काही वाटले की ओरडतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्कोतल्या रुग्णालयात बार्बरा ड्रू आणि सहकाऱ्यांनी पाच अतिदक्षता विभागांतले ३१ दिवसांचे इशारे जमवले. ४६१ रुग्णांमागे २५ लाखांहून अधिक इशारे निघाले. लयीबद्दलचे १२,६७१ इशारे माणसांनी तपासले, तर त्यांतले ८८.८ टक्के खोटे होते. इलेक्ट्रोड सैल झाला, रुग्णाने कूस बदलली, दात घासले, तरी मॉनिटरला व्हीटी दिसते. सतत खोटा आवाज ऐकणाऱ्या नर्सचे मन आवाजाला सरावते, आणि मग खऱ्या इशाऱ्याकडेही दुर्लक्ष होते. सावधगिरीच्या नावाखाली वाढवलेले खोटे इशारे असे स्वतःच धोका बनतात.

यावरचा चांगला उपाय म्हणजे दुसरा साक्षीदार. ईसीजी सपाट झाला, पण बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरमध्ये नाडीच्या लाटा येतच आहेत, तर हृदय थांबलेले नाही, वायर निघाली आहे. २०१५ साली फिजिओनेटने याच प्रश्नावर जगभरच्या संशोधकांची स्पर्धा घेतली. त्यात खरा इशारा दाबून टाकणाऱ्या प्रोग्रामचे गुण, खोटा इशारा तसाच ठेवणाऱ्यापेक्षा जास्त कापले जात. चुकांची किंमत इथे गुणांच्या सूत्रातच लिहिलेली होती.

शिकणारे संगणक आणि मनगटावरचे घड्याळ

आता नियम माणसाने लिहून द्यायचे नाहीत, हजारो उदाहरणांतून संगणकाने स्वतः शिकायचे, अशी पद्धत आली आहे. २०१९ साली स्टॅनफर्डमधील औनी हन्नून, प्रणव राजपूरकर आणि सहकाऱ्यांनी ५३,५४९ रुग्णांच्या ९१,२३२ नोंदींवर असे न्यूरल नेटवर्क शिकवले. १२ प्रकारांत वर्गवारी करताना, ती किती चांगली हे सांगणारा त्याचा एफ-वन हा गुणांक ०.८३७ आला, तपासणीत भाग घेतलेल्या हृदयरोगतज्ज्ञांचा सरासरी ०.७८०. त्या १२ प्रकारांत ‘गोंगाट’ हाही एक होता, म्हणजे ‘ही नोंद वाचण्याजोगी नाही’ असे सांगायला यंत्राला शिकवले होते. मात्र त्या यादीत व्हीएफ नव्हते. या नोंदी छातीवर पॅच लावून घरी फिरणाऱ्या माणसांच्या होत्या, आणि त्यांच्यात व्हीएफ क्वचितच नोंदले जाते. सर्वांत जीवघेण्या लयीची उदाहरणे अशी सर्वांत दुर्मीळ असतात, आणि उदाहरणांवर वाढणाऱ्या पद्धतीची ही मोठी मर्यादा आहे.

दुर्मीळतेचा दुसरा परिणाम घड्याळांत दिसतो. समजा, एक लाख धडधाकट लोकांत १० जणांची लय धोक्याची आहे, आणि यंत्र दोन्ही बाजूंनी ९९ टक्के अचूक आहे. ते त्या १० जणांना बहुधा पकडेल, पण उरलेल्या ९९,९९० पैकी सुमारे १,००० जणांनाही घाबरवेल. म्हणजे शंभराहून अधिक इशाऱ्यांमागे एक खरा. हेच यंत्र बेशुद्ध, श्वास थांबलेल्या माणसाला लावले, तर त्याचा इशारा बहुतेक वेळा खरा निघेल, कारण निवडीचे अर्धे काम माणसाने आधीच केलेले असते. बाजारातली घड्याळे प्रामुख्याने एट्रियल फिब्रिलेशन शोधतात. वरच्या कप्प्यांची ही अनियमित लय पक्षाघाताचा धोका वाढवते, पण माणूस तत्काळ कोसळत नाही. छातीत कळ आली असताना घड्याळ ‘ठीक’ म्हणाले म्हणून घरी थांबणे जिवावर बेतू शकते. हृदयविकाराचा झटका ओळखण्यासाठी ते बनवलेलेच नाही.

आपल्या नोंदी

बोस्टनच्या संग्रहाची नोंद सेकंदाला ३६० वेळा मोजली गेली आहे. अमेरिकेतल्या घरगुती विजेची कंपनसंख्या ६० आहे, आणि तिचा गुणगुणाट सोप्या गाळणीने काढता यावा म्हणून तिच्या सहापटीचा आकडा निवडला. आपल्याकडची वीज ५० कंपनांची. हा फरक तंत्रज्ञ सहज सांभाळतात. पण रुग्णांमधला फरक गाळणीने जात नाही. लहानपणीच्या संधिवाताच्या तापातून झडपा खराब झालेले हृदय आपल्या रुग्णालयांत अजून दिसते, श्रीमंत देशांत ते दुर्मीळ झाले आहे. तिथल्या नोंदींवर शिकलेले यंत्र इथे तसेच चालेल असे गृहीत धरता येत नाही.

मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने हातात मावणारे टेली-ईसीजी यंत्र विकसित केले. दूरच्या गावातला आलेख मोबाइलवरून तज्ज्ञापर्यंत पोहोचवणारी साधने आता आहेत. अशा आलेखांवर, रुग्णाची ओळख झाकून आणि त्याची संमती घेऊन, आपल्या तज्ज्ञांनी ठोक्यामागून ठोका खुणा करायला हव्यात. काम कंटाळवाणे आहे, त्यातून बातमी होत नाही. पण बोस्टनमध्ये दोन-दोन डॉक्टरांनी ४५ मीटरचे कागद वाचले, म्हणून जगभरचे प्रोग्राम एका कसोटीला लागले.

तोवर रुग्णालयाने नवे मॉनिटर घेताना किंवा आपण मनगटावर घड्याळ बांधताना विक्रेत्याला तीन प्रश्न विचारावेत. हे यंत्र कोणत्या माणसांवर तपासले? खरा धोका ते किती वेळा सोडते? आणि धोका नसताना किती वेळा ओरडते? दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नांची उत्तरे वेगवेगळी न देता जो एकच टक्केवारी पुढे करतो, त्याच्या यंत्रावर जीव सोपवू नये.